खुद्री : मुळा-मुठेतील एका माशाचा दोन शतकांचा इतिहास

प्रास्ताविक

नद्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा घाट, पूल, धरणे, पूर आणि तीर्थक्षेत्रे यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. नदीच्या पाण्यात राहणाऱ्या जिवांना त्या इतिहासात स्थान मिळाले ते अपवादानेच. माशांचा विषय प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांचा, असा एक अलिखित संकेत इतिहासाच्या अभ्यासकांनी पाळला आणि प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनीही आपल्या जातिनामांमागील माणसे, सत्ता व भाषा यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. प्रस्तुत निबंधात दख्खनमधील महाशीर या कार्प कुळातील माशाच्या निमित्ताने या दोन विद्याशाखांमधील मोकळ्या जागेत थोडा प्रवेश करण्याचा प्रयत्न आहे. या माशाचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. नावातील दुसरा शब्द मराठी मुलखातला आहे आणि तो शास्त्रात गेला पुण्याजवळच्या नदीकाठावरून. त्या शब्दाचा प्रवास हाच या निबंधाचा मुख्य विषय होय.

प्रारंभी माशाची थोडी ओळख आवश्यक आहे. महाशीर म्हणजे एकच मासा नव्हे. दक्षिण व आग्नेय आशियातील नद्यांत आढळणाऱ्या, मोठ्या खवल्यांच्या, जाड ओठांच्या व मिशांच्या दोन जोड्या असलेल्या अनेक जातींना मिळून हे नाव दिले जाते. नावाची व्युत्पत्तीही वादग्रस्त आहे. कोणी ते ‘मोठ्या डोक्याचा’ या अर्थाने महाशिर असे मानतात, कोणी ‘महाशल्क’ शब्दाकडे बोट दाखवितात, तर कोणी फारसीतील ‘माही’ व ‘शेर’ या शब्दांचा आधार घेतात. वाहत्या, प्राणवायूने समृद्ध, खडकाळ तळाच्या पाण्याची त्याला आवड असते. पावसाळ्यात नदीला पूर आला की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वरच्या अंगाच्या वाळू-गोट्यांच्या जागी अंडी घालतो. इतर कार्प माशांच्या मानाने त्याची अंडी थोडी आणि आकाराने मोठी असतात. वाहते पाणी व वर जाण्याची मोकळी वाट या दोन गरजांमध्येच त्याच्या आधुनिक काळातील दुर्दैवाचे मूळ आहे.

सांख्यिकी अहवालातील मासा

विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी. पेशवाईच्या अखेरच्या युद्धात तो दख्खनमध्ये होता. १८२४ साली एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत त्याची मुंबई सरकारचा सांख्यिकी अहवाललेखक म्हणून नेमणूक झाली आणि पुढील काही वर्षे तो पुणे, नगर, नाशिक, खानदेश, धारवाड या भागांत हिंडला. जमिनीची मोजणी, पिके, बलुते, लोकसंख्या, हवामान, तापमान आणि त्यांच्याच जोडीने पक्षी, सस्तन प्राणी व मासे, अशी त्याच्या नोंदींची व्याप्ती होती. नुकत्याच जिंकलेल्या प्रदेशाची समग्र गणना करणे हा त्यामागचा राजकीय हेतू होता, हे उघड आहे. परंतु सारे काही हेतूत संपत नाही. साइक्सची नजर बारीक होती आणि कुतूहल अस्सल होते, हे त्याचे लेखन वाचताना मान्य करावे लागते.

दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध १८३८ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे वाचला गेला. त्यातील वर्णने पुढील वर्षी संक्षेपाने आणि १८४१ साली चित्रांसह विस्ताराने प्रसिद्ध झाली. चाळीसहून अधिक जातींचे वर्णन त्यात आहे. त्यांतील ‘बार्बस खुद्री’ हा मासा पुण्याच्या पूर्वेस सुमारे ८ मैलांवर ‘मोटा मोला’ नदीत सापडल्याची नोंद आहे. हे ‘मोटा मोला’ म्हणजे आपली मुळा-मुठा. एखाद्या जातीचे प्रथम वर्णन ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून झाले, ते तिचे मूलस्थान मानण्याची प्राणिशास्त्राची रीत आहे. त्या अर्थाने, आज जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत खुद्री महाशीराची ओळख पटवायची झाली तर अखेरचा दाखला पुण्याखालच्या त्या पाण्याचाच द्यावा लागतो.

साइक्सच्या यादीतील नावे मराठी वाचकाने मुद्दाम मोठ्याने वाचावीत अशी आहेत. खुद्री, मसल्ला, कोलस, पोटेल, नुकटा, फुलुंगी, बोगट, वाटाणा, अलकुटी, टाकरी, शिंगटी. लॅटिन व्याकरणाच्या वेशीतून आत शिरलेली ही दख्खनी नावे आहेत. ‘रोहटी’ या नावाला तर त्याने प्रजातीचा दर्जा दिला. स्थानिक नावे जातिनाम म्हणून वापरण्याची ही पद्धत साइक्सने नव्याने काढली असे नाही. फ्रान्सिस हॅमिल्टन-ब्यूकॅनन याने १८२२ च्या गंगेतील माशांवरील ग्रंथात बंगाल-बिहारकडील नावे अशीच घेतली होती. ‘टॉर’ हे नाव त्याच ग्रंथातील, आणि जॉन एडवर्ड ग्रे याने १८३४ मध्ये ते प्रजातीसाठी वापरले. म्हणजे ‘टॉर खुद्री’ या जोडनावाचा पहिला शब्द गंगेकडचा आणि दुसरा भीमेच्या खोऱ्यातला आहे.

ही नावे साइक्सला कोणी सांगितली, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. नदीत जाळे टाकणारे भोई व कोळी यांच्याखेरीज ती कोणाला ठाऊक असणार? एकाच कुळातील दोन जवळजवळ सारख्या माशांना वेगळी नावे देण्याइतकी बारीक जाण त्या समाजांकडे होती. पाश्चात्त्य शास्त्राने ती जाण उचलली, तिच्यावर आपला शिक्का उमटविला आणि सांगणाऱ्यांची नावे मात्र कोठेही नोंदली नाहीत. त्यातून पुढे एक गमतीचा (खरे तर मनस्ताप देणारा) घोळ उद्भवला. साइक्सने शिरूरजवळच्या घोड नदीतून ‘बार्बस मसल्ला’ अशी आणखी एक जात वर्णिली होती. मराठीत महाशीरालाही काही ठिकाणी ‘मसळा’ म्हणतात. नावाच्या या साम्यामुळे पुढील दीडशे वर्षे अनेक अभ्यासकांनी ‘मसल्ला’ला महाशीरांत गणले. कावेरीतील कुबड असलेल्या प्रचंड महाशीरालाही हेच नाव लावले गेले. साइक्सचा मसल्ला हा महाशीर नसून ‘हिप्सेलोबार्बस’ या निराळ्या प्रजातीतील मासा आहे, ही गोष्ट २०१० नंतरच्या दशकातील फेरतपासणीत स्पष्ट झाली. भोयांना विचारले असते तर हा वाद इतका लांबला नसता असे मला वाटते. पण विचारणाऱ्याला त्यांची भाषा यावी लागते.

राजाचा विनोद, साहेबाची गळ

मासेमारी हा दख्खनमध्ये केवळ पोटाचा व्यवसाय नव्हता, याचा लिखित पुरावा बाराव्या शतकाइतका जुना आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२७–११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथाकडे मराठीचे प्राध्यापक ओवीच्या प्राचीन उल्लेखासाठी वळतात. त्याच ग्रंथाच्या विनोदविंशतीत ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. गळ, दोरी व काठी कशी असावी, कोणत्या माशाला कोणते आमिष द्यावे, मासा गळाला लागल्यावर त्याला कसे खेळवावे याचे विवेचन त्यात येते. भारतीय प्राणिसर्वेक्षणातील मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहून त्याकडे लक्ष वेधले. त्यातील संस्कृत नावांची आजच्या जातींशी सांगड घालताना सावधगिरी हवी. परंतु गळाने मासा खेळविणे हा इंग्रजांनी आणलेला छंद आहे, ही समजूत या एका प्रकरणाने निकालात निघते.

इंग्रजांनी या छंदाला वेगळे वळण दिले हे मात्र खरे. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली मंगळूर येथे छापले गेले. महाशीर हा गळाला झुंज देण्यात स्कॉटलंडच्या सामन माशालाही मागे टाकतो, असे त्याचे प्रतिपादन होते. या पुस्तकाने महाशीराला साम्राज्याच्या क्रीडाविश्वात वाघाशेजारी नेऊन बसविले. पुढे तर वजनांचे विक्रम नोंदले जाऊ लागले. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर पकडला, हा विक्रम सर्वश्रुत आहे.

याच सुमारास मासे घटत चालल्याची तक्रारही सुरू झाली. फ्रान्सिस डे या लष्करी शल्यचिकित्सकाने भारत व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यव्यवसायाचा अहवाल १८७३ मध्ये सादर केला. त्याचा ‘फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला. बारीक जाळी, विष, उथळ पाण्यातील सापळे यांवर त्याचा रोख होता. बंधाऱ्यांमुळे माशांची वर जाण्याची वाट बंद होते, हेही त्याने व टॉमसने लिहून ठेवले. या चर्चेतून अखेर १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा आला. सुरुंगाची दारू व विष वापरून मासे मारण्यास त्याने मनाई केली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नदीकाठच्या गरीब मच्छीमाराच्या हातातील साधनांवर कायद्याने बंधन घातले. सरकारच्या पाटबंधारे खात्याने उभारलेल्या भिंतींबाबत मात्र सल्ल्यापलीकडे फारसे काही घडले नाही. मुठेवर खडकवासल्याचे धरण १८७९ साली पूर्ण झाले होते. पुण्याला पाणी मिळाले, शेतीला कालवे मिळाले. समुद्रमार्गाने येणाऱ्या साहेबांसाठी त्या जलाशयाचे नाव ‘लेक फाइफ’ झाले. खुद्रीसाठी ती नदीच्या प्रवाहात आडवी उभी राहिलेली पहिली मोठी भिंत होती.

देवाचे डोह

साहेबाची गळ आणि सरकारचा कायदा यांच्या कितीतरी आधीपासून या माशाला अभय देणारी एक व्यवस्था आपल्याकडे अस्तित्वात होती. ती म्हणजे देवाचे डोह. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला आणि त्या संकल्पनेला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली. देवडोहांना तशी प्रतिष्ठा अद्याप लाभली नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तेथे वरदायिनी देवीचे स्थान असून कोंडीतील महाशीर देवीचे म्हणून कोणी पकडत नाही. भाविक त्यांना कुरमुरे टाकतात. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे तिळसेश्वराच्या डोहात हीच प्रथा आहे. कर्नाटकात तुंगेच्या काठी शृंगेरीला मठाच्या घाटावर हे दृश्य कोणीही पाहू शकतो. देहू-आळंदीच्या इंद्रायणीतील माशांनाही वारकरी परंपरेने अभय दिले आहे. तुकोबांची गाथा ज्या पाण्यात तरली, त्या पाण्यातील जीव मारायचा नाही, ही भावना त्यामागे आहे.

या प्रथांकडे दोन टोकांच्या दृष्टीने पाहिले जाते. कोणी त्यांना निव्वळ अंधश्रद्धा म्हणतात, तर कोणी प्राचीन पर्यावरणशास्त्र. मला दोन्ही दृष्टी अपुऱ्या वाटतात. डोह म्हणजे उन्हाळ्यात नदी आटल्यावर माशांच्या हाती उरलेली अखेरची जागा. तेथे जाळे न टाकण्याचा नियम कोणत्याही कारणाने पाळला गेला, तरी पुढच्या पावसाळ्यात नदीभर पसरायला मोठे, विणीचे मासे शिल्लक राहतात. फळ मिळते ते नियमाच्या जागेमुळे. नियम पाळणाऱ्यांना ते ठाऊक होते की नाही, हे सांगणे कठीण आहे. मात्र या व्यवस्थेची मर्यादाही तिच्या स्वरूपातच आहे. डोहाचा नियम मारणाऱ्या हाताला रोखतो. वरून येणाऱ्या सांडपाण्याला तो रोखू शकत नाही. कारखान्यांच्या व नागरी सांडपाण्याने आळंदीला इंद्रायणीच्या पात्रावर तरंगणाऱ्या फेसाची छायाचित्रे अलीकडील वर्षांत वारंवार प्रसिद्ध झाली आहेत. अशा पाण्यात अभय असूनही मासा जगत नाही.

लोणावळ्याची तळी

या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण याच इंद्रायणीच्या उगमाकडच्या भागात घडले. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटांनी १९१० साली जलविद्युत कंपनी स्थापन केली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. त्यासाठी लोणावळा, वळवण व शिरवता ही तळी बांधली गेली. पाठोपाठ मुळेवर मुळशीचे धरण आले. १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. तो इतिहास आपण जाणतो आणि शिकवितो. सत्याग्रह अपयशी ठरला, गावे बुडाली आणि १९२७ मध्ये मुळशीचे पाणी भिरा येथील वीजगृहातून कोकणात उतरू लागले. भीमेच्या खोऱ्याचे पाणी पश्चिमेकडे वळले. बुडालेल्या जमिनींचा हिशेब निदान मांडला तरी गेला. खुद्रीची मूळ नदी वरच्या अंगाला अडविली गेली, याची नोंद सत्याग्रहाच्या समर्थकांनी ठेवली नाही आणि विरोधकांनीही ठेवली नाही. त्या काळी ते अपेक्षितही नव्हते.

परंतु या तळ्यांत महाशीर टिकून राहिला. त्यांना मिळणारे ओढे मुक्त होते आणि पावसाळ्यात मासे त्यांच्या तोंडाशी जमत. मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास येथेच माद्यांची पक्व अंडी काढून त्यांचे कृत्रिम फलन घडवून आणले. त्यांची निरीक्षणे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तोपर्यंत या माशाच्या विणीविषयी निश्चित माहिती फारच थोडी होती. मोठी सोनसळी अंडी पाण्यात बुडतात आणि तीन-चार दिवसांत त्यांतून पिले बाहेर येतात, हे आता प्रत्यक्ष पाहता आले. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी पुढे दाखवून दिले की, ही अंडी पाण्याऐवजी ओल्या कापसात ठेवून विमानानेही नेता येतात. शोध दिसायला साधा आहे. पण पाण्याने भरलेली पिंपे वाहून नेण्याच्या कटकटीतून त्याने मोकळीक दिली. वळवणच्या केंद्रातून दरवर्षी पिले तयार होऊ लागली आणि ती महाराष्ट्रातील जलाशयांत, तसेच दूरच्या राज्यांत रवाना झाली. नदीचा प्रवाह तोडणाऱ्या तळ्यांनीच त्या नदीतील माशाला आसरा द्यावा, ही इतिहासातील विसंगती इतिहासकाराला अस्वस्थ करते. तिचे सोपे उत्तर मला सापडलेले नाही. जवळजवळ दशकभर आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून गणली गेलेली ही जात २०२० च्या सुमारास ‘किमान चिंतेच्या’ वर्गात आली. त्या वेळी वर्तमानपत्रांनी लोणावळ्याच्या या कामाचा गौरव केला, आणि तो योग्यच होता.

कावेरीतील पाहुणा

गौरवाची ही कथा येथे संपली असती तर बरे झाले असते. लोणावळ्याची पिले ज्या नद्यांत सोडली गेली त्यांत कावेरीही होती. कावेरीत महाशीराची स्वतःची जात होती. पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी छटेच्या परांचा तो प्रचंड मासा म्हणजेच टॉमसच्या वाचकांचे स्वप्न आणि १९४६ च्या विक्रमाचा धनी. १९७० च्या दशकात कावेरीवरील गळमारीला पुन्हा बहर आला, तेव्हा नदीत मासे वाढावेत या सद्हेतूने बाहेरची पिले आणून सोडण्यात आली. महाशीर तो महाशीर, अशी सर्वांची समजूत होती. ए. सी. पिंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गळमारी शिबिरांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदवह्या तपासल्या. त्यातून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले चित्र निराळे होते. निळसर परांचा खुद्री संख्येने वाढत गेला होता. कुबडाचा महाशीर दुर्मिळ होत होता आणि जे सापडत ते मोठे, वयस्क मासे होते. याचा अर्थ, नवी पिढी तयार होत नव्हती. या ऱ्हासाला धरणे, वाळूउपसा, सुरुंग हीदेखील कारणे आहेत. सारा दोष पाहुण्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. पण मुळा-मुठेतून वाचविलेला मासा दुसऱ्या नदीत तिच्या रहिवाशाचा स्पर्धक झाला, ही वस्तुस्थिती उरतेच.

त्याहून खेदजनक गोष्ट नावाची आहे. दीडशे वर्षे शिकाऱ्यांनी ज्याची छायाचित्रे काढली, डोकी भिंतीवर लावली, वजने अभिमानाने नोंदली, त्या माशाला निश्चित शास्त्रीय नावच नव्हते. कधी तो ‘मसल्ला’ होता, कधी नुसता ‘कावेरीचा महाशीर’. केरळमधील पांबार या कावेरीच्या उपखोऱ्यातील नदीतून २००७ मध्ये ‘टॉर रेमादेवी’ ही जात वर्णिली गेली होती. कावेरीचा कुबडाचा मासा हा तोच, हे २०१८ साली सिद्ध झाले. त्याच वर्षी त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. नाव मिळाले तेव्हा मासा जवळजवळ संपला होता. पिले सोडणाऱ्यांपुढे कावेरीतील माशाचे वेगळे नाव असते, तर तो वेगळा आहे हेही त्यांना कदाचित सुचले असते. साइक्सच्या काळापासूनचा ‘मसल्ला’चा घोळ हा केवळ पंडिती घोळ नव्हता, तो असा.

मूलस्थानाकडे पुन्हा

पुण्याच्या नद्यांतील माशांची पाहणी साइक्सनंतर अनेकदा झाली. फ्रेझर (१९४२), सूटर (१९४४), टोणपी व मुळेरकर (१९६३) यांच्या याद्या उपलब्ध आहेत; २००३ मध्ये वाघ व घाटे यांनी मुळा-मुठेची आणि खरात व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील माशांमधील दीर्घकालीन बदलांची पाहणी प्रसिद्ध केली. एवढ्या सलग कालखंडाच्या याद्या भारतातील फार थोड्या नद्यांना लाभल्या आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर मूळच्या जाती विरळ होत जाताना आणि बाहेरून आणलेल्या जाती यादीत शिरताना दिसतात. शहराच्या खालच्या अंगाला, जेथे साइक्सला खुद्री मिळाला तेथे, आज मुळा-मुठेत शहराचे सांडपाणी वाहते. भीमेवर उजनी धरण झाल्यानंतरच्या काळात भिगवणच्या बाजारातील टोपल्यांत आफ्रिकेतून आलेली ‘चिलापी’ भरलेली असते.

इतिहास विभागांना येथे करण्यासारखे एक काम आहे, आणि त्याला वेळ थोडा उरला आहे. भीमा, घोड, नीरा व मुळा-मुठेच्या काठी भोई समाजातील वृद्ध माणसे अजून आहेत. साइक्सच्या यादीतील नावे त्यांच्यापुढे एकेक करून उच्चारावीत. कोणते नाव त्यांना ओळखीचे वाटते, कोणत्या माशाला ते ते नाव देतात, तो शेवटचा केव्हा व कोठे पाहिला, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. यासाठी प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याने चित्रसंच घेऊन सोबत बसणे पुरेसे आहे. अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. साइक्सने इंग्रजी लिपीत लिहिलेल्या ‘खुद्री’चा मूळ मराठी उच्चार खुदरी, खुडरी की खडची, याचा निर्णयही त्याच बैठकीत लागू शकेल.